2,999 रुपयांचं हृदय पॅकेज आणि सातव्या पानावरचा बाण

दोन स्टार देतेय. एक रक्त काढणाऱ्या ताईला, कारण माझी शीर एका टोचण्यात सापडणं ही साधी गोष्ट नाही. दुसरा सोनोग्राफीसारख्या त्या इकोच्या मशीनला. सेंटरचं नाव लिहीत नाही, गाव लहान आहे. सातारकरांना पोवई नाका म्हटलं की पुरे.

मी का गेले ते आधी सांगते. वय 33, सहकारी बँकेत काउंटरला. 2019 साली सातारा हिल हाफ मॅरेथॉन पळाले होते, यवतेश्वरचा घाट न थांबता. वेळ काही मिरवण्यासारखी नव्हती, पण पळाले. मग मुलगी झाली, मग बँकेत माणसं कमी आणि काम डबल. यंदा मार्चमध्ये अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागले तर दुसऱ्या वळणावर छाती अशी धडधडायला लागली की कठड्यावर बसले. माझ्या पुढून साठीचे एक आजोबा कानात रेडिओ लावून निघून गेले. वडिलांची बायपास चोपन्नाव्या वर्षी झालेली. शिवाय नटांपैकी सिद्धार्थ शुक्ला 40 व्या वर्षी गेला, पुनीत राजकुमार 46 व्या, दोघेही 2021 मध्ये, दोघेही व्यायाम करणारे. हे डोक्यात घेऊन कठड्यावर बसलेल्या बाईला झोप लागत नाही.

पॅकेजमध्ये ईसीजी, इको, ट्रेडमिलवरची टीएमटी, कोलेस्टेरॉल, शुगर, सीबीसी म्हणजे रक्तपेशी आणि हिमोग्लोबिनची मोजणी. यादी चांगली आहे, किंमतही रास्त.

सकाळी साडेसातला उपाशीपोटी गेले. काउंटरवरच्या मुलीने फॉर्म भरला. 'घरात कुणाला हृदयविकार' या रकान्यात तिने न विचारताच 'नाही' लिहिलं. मी म्हटलं, "अगं, बाबांची बायपास झालीय." तर म्हणाली, "मॅडम, ते डॉक्टर विचारतील." डॉक्टरांनी विचारलं नाही. इको चार मिनिटांत झाली, बोलणं फक्त "डाव्या कुशीवर" आणि "झालं" एवढंच.

टीएमटीला छातीवर वायरी लावायला पुरुष टेक्निशियन. बाई आहे का विचारलं तर चाळीस मिनिटं थांबा म्हणाले. थांबले. गाऊनच्या नाड्या तुटलेल्या, सेफ्टी पिन माझ्याच पर्समधली. बूट घालून या असं फोनवर कुणी सांगितलं नव्हतं, त्यामुळे चपला काढून अनवाणी चालले.

ही तपासणी कशी असते ते माहीत नसणाऱ्यांसाठी: दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेगही वाढतो आणि चढही. पहिली तीन मिनिटं ताशी 2.7 किलोमीटर, म्हणजे मंडईतली चाल, पण 10 टक्के चढावर. मग 4 किलोमीटर आणि 12 टक्के. तिसऱ्या टप्प्यात साडेपाच आणि 14. तिथे माझा खेळ संपला. 220 वजा वय, त्याच्या 85 टक्के ठोके गाठायचे असतात, माझ्यासाठी 159. ते मी दुसऱ्या टप्प्यातच ओलांडले आणि सातव्या मिनिटाला हात वर केला. बाई छान होत्या, पाणी दिलं.

रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मिळाला. चौदा रंगीत पानं, मुखपृष्ठावर हसणारं हृदय, आत 'तुमच्या हृदयाचं वय 41'. टीएमटीपुढे 'माइल्डली पॉझिटिव्ह', म्हणजे आलेखात थोडी गडबड. समजावून सांगायला डॉक्टर नव्हते, एक मार्केटिंगवाले होते. ते म्हणाले, सीटी अँजिओ, म्हणजे हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा स्कॅन, करून घ्या, पुण्यात आमचं टायअप आहे, आज बुक केलं तर डिस्काउंट. हृदयाच्या तपासणीवर डिस्काउंट आणि तो आजच्या आज! भाजीवालासुद्धा एवढी घाई करत नाही.

त्या रात्री मी मुलीच्या पॉलिसीचे कागद काढून बसले होते.

सकाळी नवरा आमच्या फॅमिली डॉक्टरकाकांकडे घेऊन गेला. काकांनी मुखपृष्ठ उलटलं, इको बघितली, आणि सरळ सातव्या पानावर गेले. सीबीसी. हिमोग्लोबिन 9.1, शेजारी खाली जाणारा बारीक बाण. बाईला 12 च्या वर हवं. माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाले, "मोटर चांगली आहे गं तुझी, विहिरीलाच पाणी नाही."

रक्तात प्राणवायू नेणारं कमी असलं की हृदय तेवढंच काम करायला जास्त ठोके देतं. म्हणून धाप. आणि अशक्तपणात टीएमटीचा आलेख बिघडलेला दिसू शकतो. तरुण बायकांमध्ये तर ती खोटी पॉझिटिव्ह येणं नवं नाही. काकांनी ते उडवून लावलं नाही हं. बाबांची बायपास लक्षात ठेवून हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, लायपोप्रोटीन-ए ही रक्तातल्या आनुवंशिक चरबीची तपासणीही करून घेतली, जी पॅकेजमध्ये नव्हती. तज्ज्ञ म्हणाले, आधी रक्त वाढवा, मग पुन्हा पट्ट्यावर चढा. पण मध्येच छातीत दुखलं तर वाट बघायची नाही.

मग काकांनी विचारलं, पाळीत किती जातं? तांबी बसवल्यापासून दुप्पट जात होतं आणि मी ते 'चालतंच' म्हणून सोडून दिलेलं. जेवणावर लगेच चहा, तोही लोह अंगी लागू देत नाही. देशात 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायकांना रक्त कमी आहे असं 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आलंय. म्हणजे आमच्या काउंटरवरच्या चौघींत दोघी तरी. हृदयाच्या पॅकेजवाल्यांना हे माहीत नसेल?

लोहाच्या गोळ्या लिंबूपाण्याबरोबर, चहा दोन तास लांब, तांबी काढली. शौच काळं होतं, घाबरू नका. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 11.8. दुसरीकडे टीएमटी केली, बूट घालून: साडेनऊ मिनिटं, आलेख स्वच्छ. अजिंक्यताऱ्यावर आता मंगळाईच्या देवळापर्यंत एकदाच थांबते. बाकीचा दम बसून बसून गेलाय, तो गोळीने येणार नाही.

जाणार असाल तर बूट न्या, सेफ्टी पिन न्या, घरातल्या हृदयविकाराचं स्वतः लिहून द्या, आणि रिपोर्ट मार्केटिंगवाल्याकडून समजून घेऊ नका. सेंटरवाल्यांकडून मला अजून दर महिन्याला फोन येतो: "मॅडम, तुमची सीटी अँजिओ पेंडिंग दाखवतेय."