‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ सांगून फसवलं, दोष होता रबरी पाईपात

चेक इंजिनचा दिवा लागलाय आणि गॅरेजवाला ‘ऑक्सिजन सेन्सर गेलाय’ म्हणतोय, तर होकार देण्याआधी हे वाचा. माझ्याकडून कधी बसवलाच नाही अशा सेन्सरचे पैसे घेतले, वर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर साफ केल्याचेही घेतले, आणि मूळ दोष होता तिथेच राहिला.

गाडी सिग्नलला उभी असली की इंजिनचा आवाज वर-खाली व्हायचा. थंड असताना उचल खायची नाही, मध्येच झटका द्यायची. वेगात मात्र ठीक चालायची. गॅरेजमध्ये बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला तर पी०१७१ हा कोड आला. मेकॅनिक म्हणाला, “साहेब, सेन्सर गेला. असंच चालवलंत तर धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाईल, मग इंजिन खोलावं लागेल.” संध्याकाळी गाडी दिली, दिवा बंद होता. बिलात नवा सेन्सर, इंजेक्टर क्लिनिंग आणि मजुरी. जुना सेन्सर मागितला तर “भंगारात गेला” असं उत्तर मिळालं.

थोड्याच दिवसांत दिवा पुन्हा लागला.

पी०१७१ म्हणजे इंजिन लीन चालतंय: हवा जास्त, पेट्रोल कमी. पेट्रोल नीट जळायला एक भाग पेट्रोलला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय हे सेन्सर ईसीयूला (इंजिन चालवणाऱ्या संगणकाला) कळवतो, ईसीयू पेट्रोल वाढवत जातो, आणि वाढवण्याची मर्यादा संपत आली की हा कोड टाकतो. सेन्सरच्या स्वतःच्या बिघाडाला वेगळे कोड आहेत. पी०१३० सर्किटचा, पी०१३३ सेन्सर मंद झाल्याचा, पी०१३५ त्याच्या हीटरचा. माझ्या गाडीत यातला एकही नव्हता. नुसत्या पी०१७१वरून सेन्सर बदलायला सांगणारा माणूस एकतर शिकलेला नाही किंवा खोटं बोलतोय. माझ्या बाबतीत तो खोटंच बोलत होता.

इंजिन थंड असताना बोनेट उघडून सेन्सर पाहिला. षटकोनी भागावर जुना तांबूस गंज, पान्याची एकही ताजी खूण नाही, कनेक्टरच्या खाचेत तेलकट धूळ जमून घट्ट झालेली. सेन्सर काढायचा तर ते कनेक्टर सोडवावंच लागतं, आणि मग धुळीचा तो थर तसा राहूच शकत नाही. जवळून फोटो काढून ठेवले.

मग मोबाइलला जोडता येणारा साधा ओबीडी स्कॅनर घेतला. माझ्या गाडीत त्यावर ‘कोड पुसल्यापासून चाललेलं अंतर’ दिसतं. ते अंतर गाडी गॅरेजमधून आणल्यापासूनच्या किलोमीटरशी जुळलं. म्हणजे तिथे कोड पुसला होता, एवढं नक्की. खऱ्या दुरुस्तीनंतरही कोड पुसतात, त्यामुळे नुसत्या या आकड्याने चोरी सिद्ध होत नाही. पण सेन्सरला हात लागलेला नाही आणि दिवा तेवढा विझलाय, हे दोन्ही एकत्र ठेवलं की काय झालं ते उघड आहे. गाडी ताब्यात घेताना स्कॅनरवर ‘मॉनिटर अपूर्ण’ दिसले तर समजा, बहुधा कोड नुकताच पुसलाय आणि गाडीने अजून स्वतःची तपासणी पूर्ण केलेली नाही. तेव्हा विझलेल्या दिव्यावर भरवसा ठेवू नका.

खरा दोष शोधायला फ्युएल ट्रिम पाहा. ईसीयू ठरलेल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल वाढवतोय किंवा कमी करतोय ते यात दिसतं. इंजिन गरम झाल्यावर शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (साठत आलेली) अशा दोन्ही ट्रिमची बेरीज करा. शून्याच्या आसपास, फार तर १० टक्क्यांच्या आत असली तर काळजी नको. माझी आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू असताना) २६ टक्के होती, आणि २५०० आरपीएमवर धरलं की ५ वर यायची. ही खूण थ्रॉटलच्या (हवा आत सोडणाऱ्या झडपेच्या) पुढे कुठूनतरी चोरहवा शिरत असल्याची. आयडलिंगला इंजिन मुळात थोडी हवा घेतं, म्हणून गळतीचा वाटा मोठा पडतो. आरपीएम वाढले की तो किरकोळ होतो. उलट, भार वाढेल तशी ट्रिम चढत गेली तर पंपाचं प्रेशर, फिल्टर किंवा मळलेला हवेचा सेन्सर तपासायचा. ज्या गाड्यांत हवा मोजणारा एमएएफ नसून फक्त आत शिरलेल्या हवेचा दाब मोजणारा एमएपी सेन्सर असतो, तिथे अशा गळतीने बहुधा आयडलिंगच वाढतं, त्यामुळे हा हिशेब त्यांना जसाच्या तसा लागू होत नाही.

माझ्या इंजिनात मॅनिफोल्डच्या (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांच्या) मागून बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येत होता. इंजिनातली वाफ परत आत ओढू देणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हकडून येणारा रबरी पाईप पकडीत हलकेच चिमटला, तसा आवाज थांबला आणि ट्रिम माझ्या डोळ्यांसमोर उतरली. पाईप काढून वाकवला तर वळणाच्या खालच्या बाजूला नखाएवढी चीर उघडली. रबर तेलाने फुगून लिबलिबीत झालं होतं. नवा पाईप आणि क्लिपा बसवल्या, बेरीज ३ वर आली, कोड पुसला, दिवा परत लागला नाही. गळती शोधायला गरम इंजिनवर कार्ब क्लीनर फवारायचा सल्ला सर्रास दिला जातो. तसं करू नका, ते पेट घेतं. पाईप चिमटणं किंवा स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते पाहणं) पुरते. हात मात्र पंखा आणि बेल्टपासून लांब ठेवा.

फोटो आणि बिल घेऊन गॅरेजच्या मालकाला भेटलो. “चुकून बिलात आलं,” म्हणत सेन्सरचे पैसे त्यांनी परत दिले. इंजेक्टर क्लिनिंगचे दिले नाहीत, कारण ते काम झालं नाही हे दाखवायला माझ्या हातात काहीच नव्हतं. तुम्ही गाडी देतानाच स्कॅनरवरचा फ्रीझ फ्रेम (कोड पडला त्या क्षणाच्या आकड्यांची नोंद) आणि ट्रिमचे आकडे यांचा फोटो काढा. कोड पुसला की फ्रीझ फ्रेमही जातो. जुना पार्ट आणि नव्याचा खोका हवा, हे जॉबकार्डावर लिहून घ्या. आणि परत घेताना ट्रिम पुन्हा दाखवायला सांगा, पैसे त्यानंतर द्या.