आरोग्य केंद्र कुणाकडे असावं: खात्याकडे की स्थानिक संस्थेकडे?

मी दोन्ही पाहिलं आहे. आमचं केंद्र आधी थेट खात्याखाली होतं, नंतर स्थानिक संस्थेकडे वर्ग झालं. तसा ठराव तुमच्यापुढे असेल, तर माझा अनुभव सांगतो.

औषधखरेदीत खातं सरस, हे मान्यच. एकगठ्ठा मागणीला भाव चांगला मिळतो, दर्जाची तपासणी एका जागी होते. साथ आली की हुकूमही एकाच ठिकाणाहून सुटलेला बरा. बदल्या-बढत्यांचंही तेच. फिलिपीन्सने १९९१च्या कायद्याने रुग्णालयं प्रांतांकडे आणि केंद्रं नगरपालिकांकडे सोपवली. दोघांतला दुवा तुटला, कर्मचाऱ्यांची बढतीची वाट अडली. शेवटी २०१९च्या कायद्याने प्रांताच्या पातळीवर जुळवाजुळव सुरू करावी लागली.

तरीही माझा कौल स्थानिक संस्थेकडे झुकतो, आणि त्याला कारण एक स्टॅबिलायझर. लसीच्या फ्रिजमध्ये २ ते ८ अंश तापमान लागतं. एका दुपारी नोंदवहीत ११ लिहावं लागलं. स्टॅबिलायझर जळाला होता. तीन दरपत्रकं जोडून प्रस्ताव वर पाठवला. तो परत आला: एका दरपत्रकावर तारीख नव्हती. पुन्हा पाठवला. पाच आठवडे गेले. तोवर लस शेजारच्या केंद्रातून बर्फाच्या पेटीत यायची, आणि पेटी उशिरा आली की उन्हातून बाळ घेऊन आलेल्या आयांना 'परवा या' सांगावं लागायचं. त्यातल्या काही परत आल्याच नाहीत. ते मला अजून खुपतं.

केंद्र वर्ग झाल्यावर पाण्याची मोटर जळाली. समितीतल्या एका बाईंची सून त्याच महिन्यात आमच्याकडे बाळंत होणार होती. तिसऱ्या दिवशी मोटर सुरू झाली. स्थानिक माणसं जास्त कार्यक्षम असतात असा माझा दावा नाही. पण अडचण त्यांच्या घरापर्यंत पोचलेली असते.

वशिलेबाजी होते का? होते. औषधं वाटण्यापासून शिपाई नेमण्यापर्यंत दबाव येतो, तो मीही सोसला.

म्हणून मला केरळची विभागणी जास्त पटते. तिथे १९९६पासून राज्याच्या योजना निधीतला ३५ ते ४० टक्क्यांच्या आसपासचा वाटा स्थानिक संस्थांकडे गेला, प्राथमिक आरोग्य केंद्रं पंचायतींकडे आली, पण डॉक्टरांचा पगार राज्यच देत राहिलं. तुमच्या ठरावात आधी दुरुस्तीच्या खर्चाचं कलम शोधा. नुसती इमारत पदरात पडत असेल आणि खर्चाची सही वरच राहणार असेल, तर माझ्या मते सध्या खात्याकडेच राहू द्या.