तारेवर चढवायला अंजीर की कागदी लिंबू?

आमची सांदवाडी, म्हणजे घरामागची मोकळी जागा, दहा बाय वीस फूट. झाड मोकळं वाढलं तर धुणं वाळत घालायलाही जागा उरत नाही. म्हणून भिंतीपासून वीतभर पुढे, दीड-दीड फुटावर तारा ओढल्या. फांद्या दोन्ही बाजूंना आडव्या बांधायच्या.

अंजिराची कोवळी फांदी सुतळीने हळूहळू ओढली की वाकते. फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे छाटणीची भीती नाही. चीक हाताला लागला की खाज सुटते, आणि पिकलं की पाखरं आपल्याआधी हजर!

लिंबू काटेरी, बांधताना हात ओरबाडतात. कोवळ्या पानांवर पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या, त्या रोज वेचा. पण वरणावर पिळायला घरचं लिंबू, हेही खरंच.

पश्चिमेची भिंत दोघांनाही नको; मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की ती तव्यासारखी तापते. मी पूर्वेला अंजीर लावलं.