पिकअपचे शॉकअप: आठ महिने, चौदा हजार किलोमीटर आणि एक जादा पाटा

मागच्या ऑक्टोबरमध्ये पिकअपचे शॉकअप बदलले. तेव्हाच लिहिणार होतो, पण थांबलो. नवीन शॉकअप पहिले पंधरा दिवस कुणाचेही चांगलेच वाटतात, आणि त्याआधीच्या तीन वर्षांत मी मागची जोडी दोनदा बदलून दोनदा फसलो होतो. आता उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते झाले, द्राक्षाचा हंगाम झाला, बेदाण्याच्या खेपा झाल्या. लिहायला हरकत नाही.

गाडी बोलेरो पिकअप, २०१२ ची, मी दुसरा मालक. तासगाव तालुक्यातून सांगली-मिरज रोजचं, कधी कोल्हापूर. द्राक्षं, बेदाणा, खताची पोती, ठिबकच्या नळ्या, कुणाचं घरसामान, मिळेल ते भाडं.

त्रास असा होता. स्पीडब्रेकरवरून उतरली की गाडी दोन-तीन हेलकावे खायची. रिकामी असताना खडबडीत वळणावर मागची बाजू चक्क बाहेर सरकायची. मागच्या टायरवरून हात फिरवला तर उंच-सखल लागायचं, जागोजाग खड्डे पडल्यासारखं. आईला मिरजेला डॉक्टरकडे न्यायचं तर ती म्हणायची, एसटीनं जाऊ. पण डोळे उघडले ते एका व्यापाऱ्यामुळे. त्याने द्राक्षाच्या चार किलोच्या पेट्या उघडून तळाला गळलेले मणी दाखवले आणि विचारलं, "घाटातनं आणली का काय?" घाट कुठला, मणेराजुरीतनं आणली होती.

पहिल्या खेपेला स्वस्तातली जोडी टाकली. चार महिन्यांत एकाच्या अंगावरून तेल ओघळायला लागलं. दुसऱ्या खेपेला दुकानदार म्हणाला, "गॅसचे टाका मालक, गाडी उचलून धरतात." टाकले. सात महिन्यांनी खालच्या डोळ्यातला (शॉकअपच्या टोकाच्या, बोल्ट जाणाऱ्या कड्यातला) रबर बुश फाटून लोखंडावर लोखंड वाजायला लागलं. दोन्ही वेळा मी कंपनीला यथेच्छ शिव्या दिल्या. इथे नावं लिहीत नाही, कारण आता मला वाटतं चूक त्यांची नव्हतीच.

ते दाखवून दिलं मिरजेतल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी. सगळे त्यांना चाचा म्हणतात. गाडीखाली शिरले आणि शॉकअपकडे न बघता पाटेच, म्हणजे स्प्रिंगच्या एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्याच, मोजायला लागले.

"जादा पाटा कुणी घातला?"

"आधीच्या मालकानं. विटांच्या खेपा मारायचा तो."

"मग शॉकअपला कशाला शिव्या घालताय दादा? त्याला श्वास घ्यायला जागा कुठं हाय?"

मामला साधा आहे, पण मला तीन वर्षं कळला नव्हता. वजन पेलायचं काम पाट्यांचं. शॉकअप वजन पेलत नाही, तो फक्त पाट्यांचा उडण्याचा वेग मारतो. आतलं तेल पिस्टनच्या बारीक भोकांतून ढकललं जातं आणि धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. जादा पाटा घातला की रिकामी गाडी उंच होते. गाडी उंच झाली की शॉकअप उभ्या जागीच जवळजवळ पूर्ण उघडलेला राहतो. मग चाक खड्ड्यात उतरलं की तो आणखी उघडू शकत नाही, आणि खाली लोंबणारा अख्खा अ‍ॅक्सल त्या दोन डोळ्यांना हिसका देतो. सील जातं, बुश फाटतो, कधी डोळाच तुटतो. माझ्या गाडीत पूर्ण उघडायला जेमतेम दोन बोटं शिल्लक होती. त्यात डाव्या बाजूचा बंप रबर (गाडी पार खाली बसली की ठोकर झेलणारा रबरी ठोकळा) गायब. म्हणजे भरल्या गाडीत तो शॉकअप वरच्या बाजूनेही ठोकर खात होता. असल्या ठिकाणी सोन्याचा बसवला असता तरी टिकला नसता.

दोन वाटा होत्या. जादा पाटा ठेवून लांब शॉकअप शोधायचा, नाहीतर पाटा काढायचा. लांब शॉकअपची अडचण अशी की तो मिटल्यावरही लांबच असतो. गाडी भरून बसली की आतल्या आत आपटणार. उघडल्यावरची लांबी सगळे विचारतात, मिटल्यावरची कुणी विचारत नाही. मी पाटा काढला. आरसी बुकात लिहिलंय तेवढंच वजन भरायचं ठरवलं, त्यात दोन-तीन भाडी हातची गेली. ज्यांना वीट-वाळूच वाहायची आहे त्यांना हे परवडणार नाही, हे कबूल.

आता कुठला शॉकअप. यूट्यूबवर अमेरिकेतले टॅकोमावाले (टोयोटाची पिकअप) बिलस्टाइन ५१०० नावाच्या शॉकअपवर तासभर बोलतात, ते बघण्यात माझी एक रात्र गेली. चीज भारी आहे, एका नळीची आणि आत दाबाखाली गॅस. पण एका नळीच्या शॉकअपला बाहेरून दगड लागून पोचा पडला की पिस्टन आतच अडकतो, कारण बाहेरची भिंत हीच त्याची वाट. आमची गाडी रोज बागेच्या खडीतून जाते. दोन नळ्यांचा असेल तर पिस्टन आतल्या नळीत चालतो, म्हणून बाहेरचा पोचा बऱ्यापैकी पचतो. गॅसचं म्हणाल तर त्याने गाडी उचलून वगैरे धरली जात नाही. लागोपाठ दणके बसून तेलाला फेस येऊ नये, एवढ्यासाठी तो नायट्रोजन. लांब पल्ल्याला, वेगात पळणाऱ्यांना त्याचा उपयोग नक्की आहे. मी पन्नासच्या वर क्वचित जातो. म्हणून साधे, तेलाचे, दोन नळ्यांचे, मूळ मापाचे घेतले. मागची जोडी तीन हजारांच्या आत बसली, दोन्ही बाजूंचे बंप रबर वेगळे.

बसवताना चाचांनी दोन गोष्टी केल्या, ज्या आधीच्या कुणी केल्या नव्हत्या. एक, प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच-सहा वेळा पूर्ण दाबला, उघडला. आडवा पडून राहिलेल्या शॉकअपच्या तेलात हवा शिरलेली असते, ती अशी निघते. दुसरी, नट शेवटचा आवळायच्या आधी गाडी जॅकवरून उतरवून चाकांवर उभी केली. लोंबत्या चाकावर आवळलं तर रबर कायमचा पिळलेला राहतो.

पहिल्याच आठवड्यात फरक कळला. स्पीडब्रेकरवर एक धक्का, आणि गाडी शांत. पण मागची बाजू सुधारली तसं पुढचं नाक ब्रेकला किती बुडतंय ते जाणवायला लागलं. महिन्याभरात पुढचीही जोडी बदलली. पैसे असतील तर चारही एकदमच करा. एका अ‍ॅक्सलचा एकच बदलणं मात्र करू नका, गाडी एका अंगाने चालते.

तक्रारी आहेतच. रिकामी गाडी अजून उडते, पाट्यांची आहे, उडणारच. पाचव्या महिन्यात पुढच्या उजव्या बाजूने कुईकुई सुरू झाली. पुढची जोडी मी घाईत दुसरीकडे बसवली होती आणि त्या पोराने गाडी जॅकवर असतानाच नट आवळले होते. शेजाऱ्याने ग्रीस मारायला सांगितलं. मारलं नाही, तेल-ग्रीसने रबर फुगतो. बुश बदलला, आवाज गेला. एका शॉकअपवर सध्या धूळ चिकटेल इतपत ओलसरपणा दिसतोय. ओघळ नाही, म्हणून लक्ष ठेवून आहे.

तपासायची चाचांची पद्धत मला आवडली. खराब रस्त्यावर अर्धा तास चालवून गाडी थांबवायची आणि प्रत्येक शॉकअपला जपून हात लावायचा. कोमट लागला तर काम करतोय. बाकीचे कोमट आणि एकच थंड, तर तो नुसता लटकलाय. परवा कवठेमहांकाळहून येताना मिरजेजवळ चहाला थांबलो तेव्हा पाहिले, चारही कोमट.

मागचे टायर या वेळी सरळ झिजतायत. हंगामात गळलेल्या मण्यांवरून कुणी काही बोललं नाही. व्यापारी भाव पाडायला दुसरी कारणं काढतातच, ते वेगळं. आई अजून एसटीच बरी म्हणते. काढलेला जादा पाटा गोठ्याच्या दाराला आडसर म्हणून लावलाय.