प्रौढांचा फिगर स्केटिंग वर्ग: जरूर जा, पण भाड्याचे स्केट्स लवकर सोडा

न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या आइस रिंकवर मी गेल्या हिवाळ्यापासून प्रौढांच्या फिगर स्केटिंग वर्गाला जाते. माझं वय 44, बालपण सगळं मिरजेत. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी ना कुणी विचारतंच, "अगं, या वयात जमतं का? पडलं तर?" दर वेळी घाईघाईत उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदा नीट लिहिते आहे.

वर्ग 'लर्न टू स्केट यूएसए'चा आहे. अमेरिकेतल्या बऱ्याच रिंकवर हाच अभ्यासक्रम चालतो आणि त्यात मोठ्यांसाठी वेगळ्या सहा पायऱ्या आहेत. मला हीच गोष्ट सगळ्यात आवडली. मुलांच्या रांगेत शेवटी उभं करून वेळ मारून नेत नाहीत. मुलं बघून बघून शिकतात, मोठ्यांना "का?" हे कळल्याशिवाय पाय उचलवत नाही, आणि आमच्या कोच बाई त्या प्रत्येक "का"चं उत्तर देतात.

पहिल्याच तासाला शिकवलं ते पडणं. तोल जातोय असं वाटलं की गुडघे वाकवायचे, खाली खाली जायचं आणि कुशीवर, मांडी आणि कुल्ल्याच्या मांसल भागावर बसायचं. हात मागे टेकायचे नाहीत, कारण मनगटं मोडतात ती तिथेच. खाली आल्यावर बोटं मिटून मूठ करायची, कारण मागून कुणी तरी येत असतं. उठताना गुडघ्यांवर आणि हातांवर यायचं, एक पाऊल दोन हातांच्या मधे ठेवायचं, मग दुसरं. हे सगळ्यांकडून पुन्हा पुन्हा करून घेतलं. भीती निम्मी तिथेच गेली. तरी हेल्मेट घालाच, आणि गुडघ्याचं किंवा हाडांचं काही दुखणं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

पुढे जागच्या जागी पावलं टाकणं, दोन पायांवर घसरत जाणं, स्विझल (दोन्ही पाय बाहेर नेऊन परत जवळ आणायचे, बर्फावर लिंबासारखा आकार उमटतो) आणि टाच बाहेर ढकलून थांबायचा स्नोप्लाऊ स्टॉप. पुण्या-मुंबईत लहानपणी रोलर स्केटिंग केलेल्यांना तोल लवकर सापडतो. थांबणं मात्र नव्याने शिकावं लागतं.

खरी मजा सुरू होते ती एजेसवर, म्हणजे ब्लेडच्या कडांवर. फिगर स्केटचं ब्लेड जेमतेम 4 मिलिमीटर रुंद असतं आणि त्याच्या तळाला लांबीभर खोबण असते. त्यामुळे प्रत्येक ब्लेडला दोन कडा, आतली आणि बाहेरची. एका सकाळी झांबोनी (बर्फ गुळगुळीत करणारी गाडी) नुकतीच फिरून गेली होती, बर्फ काचेसारखा होता. कोच बाईंनी आम्हाला एकेकीला एका पायावर जायला लावलं आणि मग वाकून आपापली रेघ बघायला सांगितलं. माझ्या दोन समांतर रेघा होत्या. म्हणजे मी सपाट ब्लेडवर चालले होते, दोन्ही कडा टेकलेल्या. "घोट्यापासून सगळं अंग कलू दे, नुसता खांदा नको," त्या म्हणाल्या. पुढच्या खेपेला सुरुवातीला दोन रेघा आणि मग वीतभर एकच, वळत गेलेली. ती एकेरी रेघ बघून झालेला आनंद मला अजून पुरतो आहे. क्रॉसओव्हर (वळताना एक पाय दुसऱ्यावरून टाकणं), थ्री-टर्न (एकाच पायावर पुढून मागे वळणं, बर्फावर 3 उमटतो), पुढचं सगळं या एका रेघेवर उभं आहे.

आता स्केट्सचं. रिंकवर भाड्याने मिळणाऱ्या बुटांचा घोटा बसलेला असतो आणि धार बोथट. त्यात टाच वर उचलली जाते आणि एज लागत नाही. शिकणारीला वाटतं आपल्यालाच जमत नाही. पहिल्या सत्रात वर्ग आवडला तर लगेच स्वतःचे घ्या. मी जॅक्सनचे, नवशिक्यांसाठीचे आर्टिस्ट घेतले आणि त्यांच्यावर पूर्ण खूश आहे. मऊ नाहीत, पण अंगठा चिरडतील इतके कडकही नाहीत. फिटिंग दुकानात बसूनच करा. माप नेहमीच्या बुटांपेक्षा लहान निघतं, घाबरू नका. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे हलकी टेकावीत, गुडघे वाकवल्यावर सुटावीत आणि टाच अजिबात हलू नये. जाड लोकरी मोजे नकोत, पातळ हवेत. लेस बोटांपाशी सैल, घोट्यापाशी घट्ट.

धार लावून घेताना मात्र जपा. एका दुकानाने, जिथे मुख्यतः आइस हॉकीच्या स्केट्सचं काम चालतं, माझी धार वाकडी लावून दिली. बाहेरच्या एजवर गेलं की पाय सटकायचा. कोच बाईंनी स्केट उलटा धरला, ब्लेडवर क्वार्टरचं नाणं आडवं ठेवलं आणि नाणं एका बाजूला झुकलेलं मला दाखवलं. कडा समान उंचीच्या असत्या तर ते सरळ राहिलं असतं. तेव्हापासून मी फिगर स्केट्सचंच काम करणाऱ्या माणसाकडे जाते, जरा लांब पडतं तरी. घरी आल्यावर ब्लेड कोरडं पुसायचं आणि कापडी कव्हर घालायचं. प्लॅस्टिकचं गार्ड फक्त रिंकबाहेर चालण्यापुरतं, ते घालून ठेवलं तर आत गंज धरतो.

वर्गाबद्दल माझी तक्रार एकच, अर्ध्या तासाचा तास फार तोकडा आहे. वेगवेगळ्या पायऱ्यांच्या बायका-पुरुष एकत्र असले की प्रत्येकीच्या वाट्याला कोच थोडीच येते. म्हणून फीमध्ये सरावाचं सेशन धरलेलं आहे का ते नोंदणीआधी विचारा. नसेल तर आठवड्याच्या मधल्या दुपारी पब्लिक सेशनला जा, गर्दी कमी असते आणि मधल्या वर्तुळात वळणांचा सराव करता येतो.

आमच्या वर्गातल्या साठीच्या एक बाई आता प्रौढांच्या स्पर्धेची तयारी करताहेत. अमेरिकेत मोठ्यांची राष्ट्रीय स्पर्धा 1995 पासून होते, त्यात वयोगट वेगळे असतात. मला अजून स्पर्धेची घाई नाही, मला आधी डाव्या पायावरचा थ्री-टर्न स्वच्छ हवा आहे. कुणाला सोबत हवी असेल तर पुढचं सत्र जानेवारीत सुरू होतंय, मी नाव घातलं आहे.