‘मान्यताप्राप्त’ पॅरामेडिक कोर्स: ६,८५० डॉलर गेले आणि परीक्षेला बसताही आलं नाही

अमेरिकेत पॅरामेडिक (ॲम्ब्युलन्समध्ये उपचार करणारे) व्हायचा विचार करणाऱ्या मराठी मंडळींसाठी लिहिते आहे. त्यातही ज्या भारतात बीएचएमएस, बीडीएस किंवा फिजिओथेरपी करून इथे आल्या आहेत आणि आरोग्यक्षेत्रात लवकर काय करता येईल ते शोधत आहेत, त्यांनी तर नक्की वाचा. तुमची ही घाई खोटे कोर्स विकणाऱ्यांना तुमच्याआधी कळलेली असते.

आधी हिशेब. अर्ज ३५० डॉलर. पहिला हप्ता २,४००, दुसरा २,४००. ‘क्लिनिकल प्लेसमेंट’चे, म्हणजे हॉस्पिटलमध्ये शिकायची जागा मिळवून देण्याचे, १,२५०. ‘प्रात्यक्षिक परीक्षेत जागा राखण्याचे’ ४५०. एकूण ६,८५०, फेब्रुवारी ते जुलै २०२५ या सहा महिन्यांत. पहिले ३५० क्रेडिट कार्डाने दिले, उरलेले ६,५०० बँकेच्या ॲपमधून थेट त्यांच्या खात्यात. बदल्यात एक रंगीत प्रमाणपत्र मिळालं, ते दाखवून परीक्षेचा अर्जसुद्धा पुढे सरकत नाही.

नाव लिहीत नाही, वकिलाने मना केलंय. पण साचा ओळखता येईल. खासगी अकादमी, माहितीपत्रकावर ‘कम्युनिटी कॉलेजसोबत’ असे ठळक शब्द, थिअरी ऑनलाइन आणि महिन्यातून एक शनिवार-रविवार स्किल्स लॅब. ही लॅब खरोखरच आमच्या कम्युनिटी कॉलेजच्या इमारतीत भरायची. गेटवर कॉलेजची पाटी, आत कॉलेजची खोली, टेबलावर मॅनिकिन (सरावाचे पुतळे), कार्डिअॅक मॉनिटर, आयव्हीच्या सरावाचे रबरी हात. शिकवणारा गृहस्थ खरा पॅरामेडिक होता आणि ईसीजीच्या पट्ट्या चांगल्या शिकवायचा. कॉलेजने त्यांना फक्त खोली भाड्याने दिली होती. अभ्यासक्रमाशी कॉलेजचा काडीचा संबंध नव्हता. कॉलेजच्या रजिस्ट्रारला एक फोन केला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. ‘तुमच्या कॅटलॉगमध्ये हा कोर्स कोणत्या क्रमांकाने आहे आणि त्याचे क्रेडिट माझ्या ट्रान्सक्रिप्टवर येणार का?’ एवढंच विचारायचं होतं.

लोक म्हणतील, ईएमटी (ॲम्ब्युलन्सवरची पॅरामेडिकच्या खालची पायरी) असून फसलीस? हो, फसले. पण खऱ्या कोर्सची वाट किती लांब आहे तेही बघा. आमच्याकडे तो वर्षातून एकदाच, ऑगस्टमध्ये सुरू होतो. त्याआधी ॲनाटमी-फिजिओलॉजीचे ८ क्रेडिट, मग अर्ज, लेखी चाचणी, मुलाखत. जागा मोजक्या. पुढे वर्ष-दीड वर्ष वर्ग, लॅब, हॉस्पिटल आणि ॲम्ब्युलन्स धरून हजाराच्या वर तास. फेब्रुवारीत मी चौकशी केली तेव्हा त्या वर्षाचे अर्ज बंद झाले होते. त्याच आठवड्यात कोणी ‘नऊ महिने, संध्याकाळचे वर्ग, हप्त्याने फी’ म्हणालं, तर घर आणि मुलं सांभाळून शिकणारी बाई ऐकणारच. त्यात माझा गुन्हा काय?

आता ‘मान्यताप्राप्त’ या शब्दाबद्दल, कारण सगळी लबाडी तिथेच आहे. त्यांच्या पत्रकावर सीएपीसीईचं चिन्ह होतं. ही संस्था खरी आहे आणि तिची मान्यताही खरी असते, पण ती निरंतर शिक्षणाला मिळते. आधीच परवाना असलेल्यांनी नूतनीकरणासाठी जे तास करायचे, त्या तासांची. नव्याने पॅरामेडिक घडवण्याच्या कोर्सशी तिचा संबंध नाही. त्यासाठी लागते सीएएएचईपी या आरोग्यशिक्षणाच्या कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता, नाहीतर निदान त्या वाटेवर असल्याचं, पॅरामेडिक कोर्स तपासणाऱ्या कोएईएमएसपीचं ‘लेटर ऑफ रिव्ह्यू’. १ जानेवारी २०१३ पासून नॅशनल रजिस्ट्रीचा (ईएमटी-पॅरामेडिकची देशपातळीवरची परीक्षा घेणाऱ्या संस्थेचा) नियम स्पष्ट आहे: पॅरामेडिकची परीक्षा द्यायची तर कोर्सकडे या दोनपैकी एक हवंच. सीएएएचईपी आणि कोएईएमएसपी दोघांच्या संकेतस्थळांवर राज्यवार यादी आहे, बघायला पैसे पडत नाहीत. ‘मान्यता प्रक्रियेत आहे’ असं कोणी म्हणालं की ते पत्र मागा आणि यादीत नाव स्वतः शोधा. पत्राची पीडीएफ पुरेशी नाही, पीडीएफ कोणीही बनवतं.

हा नियम उगाच नाही. महाराष्ट्रात १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो. इथे ९११ च्या गाडीत सहसा नसतो. पॅरामेडिकच बारा लीडचा ईसीजी वाचतो, ॲड्रिनलिन देतो, श्वासनलिकेत नळी घालतो, शिरेत सुई लागत नसेल तर हाडात घालतो, सगळं मेडिकल डायरेक्टरच्या लेखी आदेशांवर. मॅनिकिनवर चार शनिवार घालवून ते जमत नाही. खऱ्या कोर्समध्ये भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली ऑपरेशन थिएटर, मग ईआर, आयसीयू, प्रसूती विभाग, आणि शेवटी ॲम्ब्युलन्सवर इंटर्नशिप असते, जिथे विद्यार्थ्याने स्वतः कॉल चालवायचा आणि प्रिसेप्टरने, म्हणजे देखरेख करणाऱ्या अनुभवी पॅरामेडिकने, मागे उभं राहायचं.

आणि इथेच माझ्या लक्षात यायला हवं होतं. मार्च २०२५. प्लेसमेंटचे १,२५० डॉलर भरले, पोचपावती आली आणि लिहून आलं की हॉस्पिटलची जागा जूनमध्ये कळवू. कोणीही माझ्या लशींचे कागद मागितले नाहीत.

कागदच मागितले नाहीत! ईएमटीचा साधा कोर्स मी त्याच कॉलेजात केला होता. तेव्हा हॉस्पिटलच्या दारात पाऊल ठेवण्याआधी हेपॅटायटिस बीचे तीन डोस आणि टायटर (लस लागू पडली का ते बघणारी रक्तचाचणी), एमएमआरचे दोन, कांजिण्या, टीडॅप, पार्श्वभूमीची तपासणी, ड्रग स्क्रीन आणि बीएलएस (सीपीआर प्रशिक्षणाचं) कार्ड एवढं सगळं द्यावं लागलं होतं. टीबीसाठी तर क्वांटिफेरॉन रक्तचाचणी करून घेतली होती, कारण लहानपणी बीसीजी घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाला हे लागू आहे. म्हणजे मला पद्धत ठाऊक होती. हॉस्पिटलशी ज्याचा करार आहे तो जागा देण्याआधी कागद मागतो, कारण करारातच ते लिहिलेलं असतं. ज्याचा करारच नाही तो कागद कशाला मागेल? मी मात्र ‘बरं झालं, एक कटकट वाचली’ म्हणाले. रात्री जाग आली की अजून तेच वाक्य आठवतं.

दुसरी खूण जुलैमधली. प्रात्यक्षिक परीक्षेचे ४५० डॉलर. नॅशनल रजिस्ट्रीने पॅरामेडिकची प्रात्यक्षिक परीक्षा २०२४ च्या मध्यावर बंद केली. जी परीक्षाच उरली नाही, तिची जागा त्यांनी मला विकली. आता कौशल्यांची खात्री कोर्सने स्वतः करायची असते. प्रत्येक कौशल्याची शीट, तारीख, प्रशिक्षकाची सही. आमच्या लॅबमध्ये कधी एका शीटवर सही झाली नाही. तुमच्याकडे चौथ्या आठवड्यातही सही झालेली शीट नसेल तर उठून निघा.

जूनमध्ये कळवणार होते ती हॉस्पिटलची जागा कधी आलीच नाही. ऑगस्टमध्ये ‘सिम्युलेशनचे तास ग्राह्य धरले आहेत’ म्हणत प्रमाणपत्र आलं. सप्टेंबरमध्ये रजिस्ट्रीच्या खात्यात अर्ज भरायला बसले. तिथे तुमचा कोर्स निवडावा लागतो आणि प्रोग्राम डायरेक्टरने तुम्ही तो पूर्ण केल्याचं त्यांच्या बाजूने मान्य करावं लागतं. आमचा कोर्स तिथे नव्हताच. अकादमीचा फोन त्याच आठवड्यात बंद झाला.

मग कार्यालयं. राज्याच्या ईएमएस (आपत्कालीन वैद्यकीय सेवा) विभागाने सांगितलं, ती संस्था आमच्याकडे नोंदलेली नाही, म्हणून आम्ही कारवाई करू शकत नाही. नोंदलेली नाही हीच तर माझी तक्रार! खासगी शाळांना परवाना देणारा विभाग म्हणाला, ते स्वतःला ‘सेमिनार’ म्हणवतात, सेमिनारला आमचा परवाना लागत नाही. ग्राहक विभागाने क्रमांक दिला आणि ११ आठवड्यांनी पत्र पाठवलं: तुमची तक्रार व्यावसायिकाकडे पाठवली, उत्तर आलं नाही, प्रकरण बंद. चोराला पत्र लिहायचं, तो गप्प बसला की फाइल मिटवायची. पोलीस म्हणाले, हा दिवाणी मामला आहे. बँक म्हणाली, पोलीस रिपोर्टचा क्रमांक आणा. तीन खेपांनंतर रिपोर्ट मिळाला, तेव्हा बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः पाठवलेत, परत येणार नाहीत. आणि ज्या कॉलेजचं नाव पत्रकावर छापलं होतं, त्याने मला खोल्या भाड्याने देणाऱ्या खात्याचा नंबर दिला. त्यांच्या नावावर विद्यार्थी लुबाडले जातात याचं तिथल्या माणसाला काहीच वाटलं नाही.

परत आले ते फक्त ३५०, कारण ते कार्डाने दिले होते. सेवा मिळाली नाही असं लिहून वाद घातला आणि बँकेने ते परत दिले. म्हणून सगळे हप्ते कार्डानेच द्या. जो फक्त ॲपनेच घेतो त्याला एक सेंटही देऊ नका. फेडरल स्कूल कोड (सरकारी आर्थिक मदतीच्या अर्जात लिहायचा कॉलेजचा क्रमांक) विचारा. तुम्हाला आर्थिक मदत मिळणार नसली तरी विचारा, कम्युनिटी कॉलेजकडे तो सहसा असतो. हॉस्पिटलचं नाव लेखी घ्या आणि तिथल्या क्लिनिकल एज्युकेशन विभागाला फोन करून करार आहे का ते विचारा. थिअरी ऑनलाइन असलेले खरे कोर्सही आहेत, पण त्यांची नावं यादीत सापडतात. आणि एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर असाल तर अशा ठिकाणी नाव घालण्याआधी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जा, नाहीतर पैशांबरोबर व्हिसाही जाऊ शकतो.

स्मॉल क्लेम्स म्हणजे लहान रकमांच्या कोर्टात दावा टाकला. समन्स परत आलं. पावतीवरच्या पत्त्यातली ‘सुइट २१०’ ही भाड्याची टपालपेटी निघाली. राज्याच्या कंपनी नोंदणीत शोधल्यावर दुसऱ्याच गावातला रजिस्टर्ड एजंट (कंपनीच्या वतीने कोर्टाचे कागद घेणारा) सापडला. आता समन्स त्याच्या नावाने पुन्हा पाठवलं आहे. ही नोंदणी कोणालाही घरबसल्या बघता येते. मी ती पैसे गेल्यावर बघितली, तुम्ही पहिला हप्ता द्यायच्या आधी बघा.