टॅलीप्राइम: अकाउंट्सच्या टेबलावर किती उपयोगी?

वागळे इस्टेट असो की रबाळे-महापेची एमआयडीसी, छोट्या कारखान्यात अकाउंट्स म्हणजे एकच टेबल. बिलं काढणं, बँक जुळवणं, वसुलीचे फोन, पगार, सीएला कागद पाठवणं, सगळं त्याच खुर्चीवर. त्या खुर्चीतून पाहिलं तर टॅलीप्राइम या हिशोबाच्या सॉफ्टवेअरच्या वेगाबद्दल वाद नाही. एफ५ पेमेंट, एफ६ रिसीट, एफ८ सेल्स, एफ९ परचेस. हात बसला की माउस बाजूला पडतो. चूकही तेवढ्याच वेगाने होते, आणि टॅली सहसा हटकत नाही.

सगळ्यात जास्त घोळ रिसीटमध्ये. पार्टीचे पैसे आले, घाईत 'ऑन अकाउंट' (म्हणजे कुठल्याच बिलाला न जोडता) टाकले, बँक जुळली. पण बिलवार येणं काढलं की फिटलेलं बिलही बाकी दिसतं आणि पार्टीला उगाच तगादा जातो. म्हणून दर रिसीटला 'अगेन्स्ट रेफरन्स' निवडून बिल जोडायचंच. पार्टीने २ टक्के टीडीएस (पेमेंटमधूनच कापलेला आयकर) कापला असेल तर त्याची जर्नल एंट्रीही त्याच बिलावर; नाहीतर १ लाखाच्या बिलाचे २ हजार वर्षभर लटकत राहतात.

घोळाची दुसरी जागा व्हाउचर नंबरिंग, म्हणजे एंट्रीला पडणारा नंबर. नंबर आपोआप पडतात, पण 'रीनंबर' चालू असेल तर मधलं बिल डिलीट केल्यावर पुढचे सगळे एक-एक मागे सरकतात. छापलेलं बिल ४७, टॅलीत ४६. तेच जीएसटीआर-१ मध्ये (विक्रीच्या रिटर्नमध्ये) जातं, ग्राहकाच्या २बीत (जीएसटी पोर्टलवर त्याला दिसणाऱ्या खरेदीच्या यादीत) जुळत नाही आणि तो पेमेंट अडवतो. त्यामुळे 'रिटेन ओरिजिनल व्हाउचर नंबर' ठेवा, आणि बिल रद्द करायचं तर ऑल्ट+एक्सने कॅन्सल करा, डिलीट नको. नंबराआधी अक्षरं जोडायची (प्रिफिक्सची) हौस आवरा, जीएसटीत बिल नंबर १६ अक्षरांत बसावा लागतो.

पार्टीचं लेजर (खातं) उघडताना राज्य नीट भरा. गुजरातमधल्या वापीच्या पार्टीला महाराष्ट्र लागलं की परराज्यातल्या विक्रीच्या आयजीएसटीऐवजी राज्यातल्या विक्रीचा सीजीएसटी-एसजीएसटी लागतो. जीएसटी नंबरचे पहिले दोन आकडे बघितले तरी पुरे: २७ महाराष्ट्र, २४ गुजरात.

२बी जुळवणी चांगली आहे, अट एकच: परचेसमध्ये सप्लायरचा बिल नंबर बिलावर आहे तसाच टाकायचा. नुसतं '४५' टाकून चालत नाही. २बी १४ तारखेला येते, ३बी (कर भरण्याचं मासिक रिटर्न) २० तारखेपर्यंत भरायची; मध्ये १५ला कामगारांचा पीएफ आणि ईएसआयसी (आरोग्य विमा). त्याआधी ७ला टीडीएस, ११ला जीएसटीआर-१. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांनी या तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवाव्यात.

प्रायव्हेट लिमिटेड असाल तर साधं टॅलीप्राइम नको, 'एडिट लॉग'वालं घ्या. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांच्या हिशोबात कोणी काय बदललं याची नोंद बंद न करता येणारी हवी, आणि साध्या आवृत्तीत ती बंद करता येते.

लायसन्सचं म्हणाल तर एकच माणूस एंट्री करत असेल तर सिल्व्हर पुरतं. बिलिंगला एक आणि स्टोअरला एक अशा दोघांना एकाच वेळी काम करायचं असेल तर गोल्ड. शिकणाऱ्यांना एज्युकेशनल मोड फुकट आहे, पण त्यात महिन्याच्या १, २ आणि ३१ याच तारखांच्या एंट्री होतात. तेव्हा क्लास लावण्याआधी तिथे लायसन्सवालं टॅली आहे का ते विचारा. बँक जुळवणी त्या मोडवर नीट शिकता येत नाही.